सिंगल बीम स्पेक्ट्रोफोटोमीटर: शंभर लावलं तरी सरकतंय, लॅम्प बदलला की महिनाभर बरं आणि परत तेच

आधी लक्षण सांगतो, म्हणजे ज्याचं दुखणं वेगळं आहे त्याचा वेळ जायला नको. मशीन म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, द्रावणातून ठरावीक रंगाचा किती प्रकाश आरपार जातो ते मोजणारं. ते चालू केलं, ब्लँक (मोजायचा पदार्थ नसलेलं नुसतं पाणी किंवा द्रावण) ठेवला, शंभर टक्के ट्रान्समिटन्स (म्हणजे सगळा प्रकाश आरपार) लावलं, छान बसलं. पोरांनी रीडिंग घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासाने परत ब्लँक ठेवून बघितला तर ९४, कधी ९३. परत शंभर लावा, थोडा वेळ टिकतं, परत खाली. नवीन लॅम्प टाकला की एकदम शहाण्यासारखं वागतं आणि महिना सव्वा महिन्यात पुन्हा तेच. आमच्याकडे हे किती वर्षं चालू होतं ते मला आत्ता कळलं, आणि कसं कळलं ते पुढे येतंयच.

मशीन जुनं आहे, सिंगल बीम, ३४० नॅनोमीटरपासून पुढे व्हिजिबलचं (खालचेही वेव्हलेंग्थचे आकडे नॅनोमीटरमध्येच), सहाशेपर्यंत निळी फोटोट्यूब (प्रकाश पडला की करंट देणारी नळी) आणि त्यापुढे जायचं असेल तर लाल फोटोट्यूब आणि लाल फिल्टर बसवायचा. १९५३ मध्ये अमेरिकेत बॉश अँड लोंबने स्पेक्ट्रॉनिक २० काढला, तो २०११ पर्यंत बनत होता आणि सहा लाखांच्या आसपास खपला, त्या धाटणीची मशिनं आपल्याकडच्या कॉलेजांत अजून ढिगाने आहेत. आमचंही त्याच पंथातलं, बनवणारा दुसरा, नाव घेत नाही कारण चूक त्याची नाहीच मुळी. लॅम्प १२ व्होल्ट २० वॅटचा हॅलोजन. आतली रचना अगदी सरळ: लॅम्प, फट, ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी), परत फट, क्युवेट (सॅम्पलची पारदर्शक नळी), फोटोट्यूब, अँप्लिफायर, मीटर. रेफरन्सचा दुसरा बीम नाही, म्हणजे लॅम्प जरा मंद झाला तर मशीनला वाटतं सॅम्पल गडद झालं. एवढं डोक्यात ठेवलं की अर्धं काम होतं.

आमचं कॉलेज कोकणात, समुद्र फार लांब नाही. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि केमिस्ट्रीची लॅब म्हटल्यावर एचसीएलची (हायड्रोक्लोरिक ॲसिडची) बाटली कुठेतरी उघडी असणारच. हे त्रिकूट लक्षात असू द्या.

तर पहिला प्रश्न, आणि हा न विचारता जो मशीन उघडतो तो दिवसभर उघडूनच बसतो: सरकतंय काय, झिरो की शंभर? क्युवेट काढली की या मशीनमध्ये आपोआप पडदा पडून प्रकाश बंद होतो, तेव्हा झिरो दिसायला हवं. मशीन तापू द्या, किमान अर्धा तास, झिरो लावा, शंभर लावा आणि मग नॉबला हात न लावता तासभर दर पाच मिनिटांनी दोन्ही लिहून काढा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण मोबाइल बघत बघत होतं. झिरो हलत असेल तर गडबड प्रकाशाची नाही, प्रकाश बंदच आहे ना, म्हणजे फोटोट्यूब किंवा तिच्या पुढचं सर्किट. झिरो खांबासारखा उभा आणि शंभर घसरतंय तर प्रकाशाच्या बाजूला बघा, लॅम्प, त्याचा सप्लाय, आरसे, क्युवेट.

आमच्याकडे दोन्ही हलत होतं. तिथेच सगळे फसले, मीही फसलो. दोन वेगळे आजार एकाच पेशंटला आणि प्रत्येक जण एकच औषध शोधतोय. पण जुनी रीडिंग बघितल्यावर दिसलं की झिरो फक्त जून ते ऑक्टोबर हलतो आणि शंभर बाराही महिने घसरतं.

झिरोचं आधी उरकतो, ते सोपं होतं. फोटोट्यूबमधून जाणारा करंट अगदी किरकोळ असतो, तो मोजायला कित्येक मेगाओहमचा रेझिस्टर लावलेला असतो, त्यामुळे ट्यूबच्या बुडावर ओलसर धुळीचा पातळ थर जरी बसला तरी त्यातून गळती होते आणि मशीनला अंधारातही प्रकाश दिसतो. त्यासाठीच तिथे सिलिका जेलची डबी ठेवलेली असते. आमची डबी उघडली तर जेल मस्त गुलाबी. निळं असतं तेव्हा कोरडं, गुलाबी झालं की पोट भरलं. ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला दोन-तीन तास ठेवलं की परत निळं होतं, डेसिकेटरमध्ये गार करून मग डबीत भरायचं, गरम गरम भरू नका आणि ओव्हनमधून काढून टेबलावर तर अजिबात ठेवू नका, आमच्याकडच्या हवेत ते तासाभरात परत पाणी प्यायला लागतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते तब्येतीला वाईट, तेव्हा हाताने चिवडायचं नाही, भुकटी उडू द्यायची नाही. नारिंगी मिळत असेल तर ते घ्या, फक्त त्याला जास्त तापमान सोसत नाही, रंगच मरतो, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका.

मग मशीन बंद, प्लग बाहेर, थोडा वेळ तसंच ठेवून फोटोट्यूब काढली, तिचं बूड आणि सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बड्सने पुसलं, पूर्ण वाळू दिलं, काचेला बोट लागू दिलं नाही. झिरो बसला, मुक्काम ठोकून बसला. सगळ्यांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी शंभर परत ९४.

आता मशीनला शिव्या घालायच्या आधी सॅम्पल आणि क्युवेट बघून घ्या, कारण अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. फेरिक थायोसायनेटचा लाल रंग उभ्या उभ्या उडतो, ते सॅम्पल ठेवून तुम्ही ड्रिफ्ट (हे सरकणं) मोजत असाल तर मशीन बिचारं खरं बोलतंय. म्हणून ड्रिफ्ट बघायचा तो साध्या डिस्टिल्ड वॉटरवर. तेही फ्रिजमधलं नको, क्युवेटवर बाहेरून दव धरतं, पावसाळ्यात तर हमखास, आणि आत बारीक बुडबुडे चिकटतात. क्युवेट गोल असेल तर खुणेची रेघ रोज एकाच बाजूला. धुताना ब्रश घालणारा सापडला तर त्याच्याकडून नवीन क्युवेटचे पैसे घ्या, चरे पडतात ते जात नाहीत.

आमच्याकडे हे सगळं ठीक होतं. मग दुसरी शंका, लाइट, म्हणजे भिंतीतून येणारा विजेचा सप्लाय. लॅबमध्ये एकाच बोर्डावर ओव्हन, सेंट्रिफ्यूज, फ्रिज. जोडीला रिले वाला स्टॅबिलायझर, तो टक टक करत पायरी बदलतो तेव्हा काटा उडी मारतो. तसं होत असेल तर तुमचं रीडिंग सरकत नाही, उड्या मारतं, आणि हा फरक मोठा आहे. उडी म्हणजे स्टॅबिलायझर किंवा कुठेतरी सैल तार. नॉब फिरवताना खरखर, आकडा थरथरतो, म्हणजे पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, बहुतेक वेळा सुटतं, पण गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका, दोन दिवस बरं वाटतं आणि मग त्यावर धूळ चिकटून चिखल होतो. मशीन दर वेळी सारखंच हळूहळू उतरतं आणि एका जागी थांबतं, तर काहीतरी तापतंय. आमचं हे तिसरं. स्टॅबिलायझर बदलून सीव्हीटीवर (कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवर) लावून पाहिलं, तो गुणगुणतो आणि तापतो पण व्होल्टेज धरून ठेवतो, तरी शंभर घसरायचं ते घसरलंच. म्हणजे बाहेरचा सप्लाय निर्दोष.

मग मी आमच्या सिनियरांनी केलं तेच केलं, नवीन लॅम्प टाकला. आणि झालं की हो ठीक! पाच आठवडे.

इथे मामांची वही येते. आमच्या लॅबला मामा होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, कॉलेजात सगळे त्यांना मामाच म्हणायचे. शिक्षण बेताचं, पण लॅबमधल्या प्रत्येक यंत्राची नाडी त्यांना माहीत. जाड पुठ्ठ्याची वही होती, केमिकलचे डाग, एक कोपरा ॲसिडने खाल्लेला, आणि त्यात तारीखवार काय बिघडलं आणि काय केलं. बॅलन्सची वेगळी पानं, पीएच मीटरची वेगळी, सेंट्रिफ्यूजच्या कार्बन ब्रशचा माप काढून ठेवलेला कागद टाचलेला. ती वही स्टोअरमध्ये डेड स्टॉकच्या फायलींखाली पडली होती, रद्दीत जायचीच बाकी. स्पेक्ट्रोच्या पानांवर एक ओळ परत परत येत होती: लॅम्प काढ-घाल केला, ठीक. खाली महिन्या-सव्वा महिन्याने परत: काढ-घाल केला, ठीक. मध्येच कुठे: सरांनी नवीन लॅम्प दिला, बदलला, ठीक. आणि त्यानंतर किती दिवसांनी पुढची नोंद? तेवढ्याच. सव्वा महिना.

मी ते पान धरून बराच वेळ उभा राहिलो. जुनाच लॅम्प काढून परत घातला तरी सव्वा महिना, नवा कोरा घातला तरी सव्वा महिना. म्हणजे औषध लॅम्प नव्हताच कधी, औषध होतं ते काढणं-घालणं. लॅम्पचे दोन बारीक पाय होल्डरच्या पत्र्यात सरकताना घासतात, घासताना वरचा काळा थर खरवडला जातो, स्वच्छ धातूला स्वच्छ धातू लागतो आणि मशीन सुधारतं. मग खारी हवा आणि एचसीएलची वाफ आपलं काम करते. मामांना हे कळलं होतं का? मला वाटतं होतं, कारण एका पानावर त्यांनी होल्डर मागवा असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. कुणी मागवला नाही. लॅम्प मात्र दर वर्षी आले, आम्ही त्या काळात किती चांगले लॅम्प कचऱ्यात टाकले त्याचा हिशोब न केलेला बरा.

आता हे नुसतं वाटून उपयोग नाही, मोजलं पाहिजे. इथे एक सापळा आहे. बहुतेक जण मल्टीमीटर ओहमवर लावून होल्डर आणि लॅम्पचा पाय यांच्यामध्ये धरतात, मीटर दाखवतो अर्धा ओहम, मग नुसते प्रोब एकमेकांना लावतात तरी जवळपास तेवढंच, आणि निष्कर्ष निघतो की कॉन्टॅक्ट ठीक आहे. अहो, तुमच्या प्रोबच्या वायरीच तेवढा रेझिस्टन्स खातात, त्यात ०.१ ओहमचा फरक कसा दिसणार. शिवाय तो थंड असताना मोजताय, दुखणं गरम झाल्यावरचं आहे. थंड लॅम्पचा स्वतःचा रेझिस्टन्स पण फसवा असतो, तापलेला असताना १२ व्होल्ट २० वॅट म्हणजे ७.२ ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ओहमवर एवढंच कळतं की फिलामेंट तुटलेली नाही.

बरोबर पद्धत अशी की लॅम्प चालू ठेवून कॉन्टॅक्टवर किती व्होल्टेज पडतंय ते बघायचं. मीटर डीसी मिलिव्होल्टवर, तुमचा सप्लाय एसी देत असेल तर एसीवर. एक प्रोब होल्डरच्या मागे वायर जोडलेल्या जागी, दुसरा त्याच बाजूच्या लॅम्पच्या पायाला जिथे उघडा दिसतो तिथे. जपून, प्रोब घसरून दोन पाय एकत्र आले तर सप्लाय उडेल, आणि लॅम्प भाजतो हे सांगायला नको, शिवाय त्याच कप्प्याजवळ ट्रान्सफॉर्मरला मेन्सचा करंट आहे, तेव्हा एक हात खिशात ठेवायची जुन्या मेकॅनिकांची सवय इथे पाळा. निरोगी कॉन्टॅक्टवर काही थोडे मिलिव्होल्ट दिसतात. आमच्याकडे चालू केल्या केल्या दोन्ही बाजू मिळून ६० होते, आणि चाळीस मिनिटांनी एका बाजूला १४०, दुसऱ्या बाजूला १६०. एकूण ०.३ व्होल्ट. सप्लाय बोर्डावर बरोबर १२.०, पण लॅम्पपर्यंत पोचताहेत ११.७.

कुणी म्हणेल ०.३ व्होल्टने काय होतं. घरातला दिवा असता तर काहीच नाही. पण फिलामेंटच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज एक टक्का उतरलं की प्रकाश साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरतो. ११.९४ वरून ११.७० म्हणजे दोन टक्के, म्हणजे प्रकाश पावणेसात टक्के कमी, म्हणजे शंभराचे ९३. बसला की नाही हिशोब? हा आकडा कागदावर आला तेव्हा मी खरंच एकटाच हसलो लॅबमध्ये. ९३ टक्के म्हणजे ॲब्सॉर्बन्समध्ये (सॅम्पलने किती प्रकाश शोषला त्याच्या मापात) ०.०३. पोरांच्या प्रत्येक रीडिंगमध्ये ०.०३ जास्तीचे, आणि आम्ही म्हणत होतो यांना पिपेट धरता येत नाही.

अजून एक खूण सांगतो, ही मशीन न उघडता बघता येते. फिलामेंट जरा थंड झाली की लाल प्रकाश कमी घटतो आणि निळा जास्त घटतो. म्हणून ड्रिफ्ट दोन ठिकाणी मोजा, एकदा ४२० ला आणि एकदा ५९० ला. आमच्याकडे ५९० ला ९४ यायचे तेव्हा ४२० ला ९१-९२. असा फरक आला तर लॅम्पला मिळणारं व्होल्टेज बदलतंय असं धरून चाला. दोन्हीकडे सारखंच घसरत असेल तर लॅम्पचा नाद सोडा आणि अँप्लिफायर, क्युवेट होल्डर, आरसा असं बघत जा. आणि ड्रिफ्ट नाहीच पण ५५० ला शंभर सहज लागतं आणि ३७०-३८० च्या खाली नॉब पूर्ण फिरवूनही लागत नाही, तर मात्र खरोखरच लॅम्प म्हातारा झालाय, काचेला आतून टंगस्टनचा काळपट थर चढलाय, किंवा फोटोट्यूब थकलीये. तिथे नवीन लॅम्पचे पैसे घाला.

दुरुस्ती. लॅम्पचे पाय खोडरबरने घासले, शाळेतलं शाईचं खोडरबर असतं ना थोडं खरखरीत, ते उत्तम. होल्डरच्या आत मात्र खोडरबर जात नाही, तिथे अगदी बारीक पॉलिश पेपरची चिंचोळी पट्टी दुमडून आत-बाहेर केली, मग आयसोप्रोपिल. एवढ्याने ३०० मिलिव्होल्टचे ४० झाले आणि मशीन तासभर ९९ च्या खाली गेलं नाही. पण हे मामांच्या काढ-घालीचंच थोडं मोठं रूप झालं, कारण होल्डरमधल्या पत्र्याची स्प्रिंग उष्णतेने मेली होती, लॅम्प घालताना पकडच लागत नव्हती, नुसता पडल्यासारखा आत जायचा. अशी ढिली स्प्रिंग कितीही घासा, परत येणारच.

होल्डर साधा आहे, सिरॅमिकचा दोन पायांचा, जी-४ म्हणून मागा, लॅमिंग्टन रोडला मिळतो, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला मिळतो, किंमत लॅम्पपेक्षाही कमी. घेताना दोन-चार जास्तीचे घ्या. मोठ्या वॅटच्या लॅम्पचे पाय जाड आणि लांब असतात, त्यांचा होल्डर वेगळा, म्हणून जुना काढून खिशात टाकूनच दुकानात जा. वायर साधी पीव्हीसीची लावू नका, आठ दिवसांत कडक होऊन तडकते, सिलिकॉनची किंवा फायबर ग्लासचं कव्हर असलेली घ्या. आणि जोड डाग देऊन (सोल्डर करून) करू नका, क्रिंप करा किंवा सिरॅमिकच्या कनेक्टरमध्ये स्क्रूने आवळा. नेहमीचं सोल्डर १८३ डिग्रीला वितळतं आणि हॅलोजनच्या बुडाशी उष्णता कमी नसते, माझ्या आधी कुणीतरी दिलेला डाग मी काढला तेव्हा तो राखाडी, भुसभुशीत झाला होता, म्हणजे अर्धा दोष तिथेही असणार.

लॅम्पला बोटं लावायची नाहीत हे बहुतेकांना माहीत असतं, पण का ते माहीत नसतं. क्वार्ट्झची काच इतकी तापते की बोटाच्या घामातलं मीठ तिच्यात भाजलं जातं, तिथे ती पांढरी होऊन कमजोर पडते. चुकून लागलंच तर चालू करायच्या आधी अल्कोहोलने पुसा. टिश्यूत धरून बसवा.

इथे एक किस्सा सांगायलाच हवा. एका ओळखीच्या लॅबमध्ये हॅलोजन सारखा जातो म्हणून कुणीतरी त्याच होल्डरमध्ये बसणारा एलईडी लावला, झगझगीत उजेड, सगळे खूष. मग पोटॅशियम डायक्रोमेटचं कॅलिब्रेशन ४४० ला बरं आलं, ३५० ला मीटर हलायलाच तयार नाही. पांढऱ्या एलईडीत ४०० च्या खाली जवळपास काही नसतं, निळ्याचा एक डोंगर आणि त्यानंतर ४८० च्या आसपास दरी. डोळ्याला पांढरं दिसतं म्हणून ग्रेटिंगला पांढरं नसतं.

घरगुती हॅलोजन लावतानाही फिलामेंट आडवी आहे की उभी ते जुन्याशी ताडून बघा, आणि फिलामेंटची उंची. होल्डर बदलला म्हणजे लॅम्पची जागा एक-दोन मिलिमीटरने हलणारच. म्हणून बसवताना लॅबचा लाइट बंद करा, वेव्हलेंग्थ ५८० ला ठेवा, क्युवेटच्या जागी पांढऱ्या कागदाची पट्टी धरा, त्यावर पिवळ्या प्रकाशाचा ठिपका दिसतो. लॅम्प पुढे-मागे, वर-खाली करत ठिपका सगळ्यात ठळक आणि एकसारखा भरलेला झाला की तिथे आवळा. या भानगडीत आरसा किंवा ग्रेटिंगवर धूळ दिसली आणि रुमाल काढावासा वाटला तर रुमाल परत खिशात घाला. ग्रेटिंगला काहीही लावायचं नाही, कापूसही नाही, अल्कोहोलही नाही, रबरी फुग्याने कोरडी हवा मारायची आणि जे जात नाही ते राहू द्यायचं. तोंडाने फुंकर तर नाहीच, थुंकीचे कण जातात. आरसेही पुढच्या बाजूने ॲल्युमिनियम चढवलेले असतात, एकदा पुसले की जन्मभर ओरखडे.

लॅम्प हलवल्यावर वेव्हलेंग्थ तपासणं आलंच. आमच्या मशीनची बँडपास (एका वेळी फटीतून जाणाऱ्या वेव्हलेंग्थचा पट्टा) २० नॅनोमीटर, त्यामुळे होल्मियमचा महागडा फिल्टर आणून उपयोग नाही, त्याची बारीक शिखरं एवढ्या रुंद फटीतून दिसणारच नाहीत. कोबाल्ट क्लोराइडचं गुलाबी सोल्युशन पातळ एचसीएलमध्ये करा आणि ४९० ते ५३० पर्यंत पाच-पाचने रीडिंग घ्या, प्रत्येक वेळी ब्लँकने शंभर लावून. शिखर ५१० ला यायला हवं. आमचं ५१५ ला आलं, डायलचा स्क्रू जरासा फिरवून आणलं जागेवर. मग कॉपर सल्फेट नको, ते लालच्याही पलीकडे शोषतं आणि त्यासाठी ट्यूब बदलावी लागते, त्याऐवजी परमँगनेटची चार-पाच डायल्युशन करून ५२५ ला रेघ सरळ येते का बघा. वरच्या टोकाला रेघ वाकत असेल तर स्ट्रे लाइट, म्हणजे कुठूनतरी नको तो प्रकाश शिरतोय. एक टक्का जरी शिरला तरी खरं ॲब्सॉर्बन्स २ असताना मशीन १.७ दाखवतं. आमच्याकडे झाकणाचा काळा फेल्ट झुरळांनी खाल्ला होता, नवीन चिकटवला. तसंही या मशीनवर ०.२ ते ०.८ च्या बाहेर काम करू नका, सॅम्पल डायल्यूट करा.

राहिला एचसीएलचा प्रश्न. स्पेक्ट्रो ज्या ओट्यावर होतं त्याच्याच खालच्या कपाटात ॲसिडच्या बाटल्या होत्या. कपाटाच्या कड्या गंजून गळायला आल्यात हे सगळ्यांना दिसत होतं, पण तीच वाफ वर मशीनमध्ये जाते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. बाटल्या दुसऱ्या खोलीत हलवल्या, त्यासाठी आमच्या मॅडमना दोन अर्ज द्यावे लागले तो भाग निराळा. प्लास्टिकचं कव्हर काढून सुती कापडाचं शिवून घेतलं, प्लास्टिकखाली ओल कोंडते. आणि पावसाळ्यात प्रॅक्टिकल असो नसो, रोज तासभर मशीन चालू ठेवतो, आतली हवा गरम राहते तेवढीच.

ज्यांच्याकडे यूव्हीचं मशीन आहे त्यांना एक सांगतो, ड्युटेरियम लॅम्पला हे कॉन्टॅक्टचं प्रकरण जसंच्या तसं लावू नका, त्याला सुरू होताना मोठं व्होल्टेज लागतं आणि त्याचा प्रकाश डोळ्याला घातक, चालू असताना झाकण काढून डोकावायचं नाही. त्यांच्याकडे मात्र एक सोय आहे, त्या लॅम्पच्या स्वतःच्या रेषा ४८६.० आणि ६५६.१ ला असतात, वेव्हलेंग्थ तपासायला वेगळं काही आणावं लागत नाही.

नवीन होल्डर बसवून दोन पावसाळे झाले. कॉन्टॅक्टचे मिलिव्होल्ट दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजतो, ३० वरून ४५ पर्यंत गेलेत, शंभर ठेवलं तर तासाने ९९ आणि थोडं वर. लॅम्प तोच आहे. ८० च्या वर गेलं की होल्डर बदलायचा असं ठरवलंय, एक होल्डर पाकिटात घालून मशीनच्या आत झाकणाला टेपने चिकटवून ठेवलाय आणि पाकिटावर तारीख टाकलीये. नोंदी मामांच्याच वहीत, त्यांच्या शेवटच्या पानाच्या पुढे. लाल ट्यूब लावल्यावर ६५० च्या पुढे झिरो अजून जरा डुलतो, तिचं सॉकेट दिवाळीच्या सुट्टीत उघडणार आहे. तुमच्यापैकी कुणी ते सॉकेट बदललं असेल तर कोणतं बसलं ते सांगा.